नागपूर, मे महिना आणि जिजाजींचं सोलर

मे महिन्यात नागपूरला कोण जातं, असं मला निघायच्या आधी सोसायटीतल्या चार जणींनी, ऑफिसातल्या दोघांनी आणि आईने विचारलं. पण चुलत बहिणीच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या ताईच्या नातवाची मुंज होती, आणि ताईला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा, पाच दिवस. बायदवे, आमच्या पुण्याच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचं की नाही यावर गेलं दीड वर्ष भांडणं चालू आहेत, आणि मी दुर्दैवाने कमिटीत आहे. ताईकडे सोलर आहे हे माहीत होतं. म्हटलं, मुंजीच्या निमित्ताने जरा प्रत्यक्ष बघून येऊ.

दिवस पहिला

गाडी अडीच तास लेट. वर्ध्याच्या पुढे एका ठिकाणी आम्हाला बाजूला उभं करून शेजारून मालगाडी काढली, सगळे डबे कोळशाने भरलेले. पोरगं खिडकीला नाक लावून मोजत होतं, 58 भरले. मी वैतागले होते, पण नंतर जिजाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, सांगितलं की अशा एका अख्ख्या गाडीत चारेक हजार टन कोळसा असतो, आणि वीजकेंद्रातला 660 मेगावॅटचा एक संच पूर्ण लोडवर चालला तर दिवसाला नऊ-दहा हजार टन खातो. म्हणजे रोज अशा अडीच गाड्या, एका संचाला! तेव्हा आमची गाडी का थांबली ते कळलं.

स्टेशनबाहेर सकाळी साडेनऊलाच भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. ताईने जिजाजींच्या हाती ओला दुपट्टा पाठवला होता, तो डोक्याला गुंडाळला आणि पाचव्या मिनिटाला खडखडीत वाळला. घरी जायच्या आधी तर्री पोहे. पुण्यात 'नागपुरी तर्री पोहे' म्हणून जे विकतात ते विसरा. इथे चण्याची लालभडक तर्री आधी पोह्यांवर ओततात आणि मग वर विचारतात "और देऊ का?" पोराच्या डोळ्यातून पाणी येत होतं तरी दुसरी प्लेट.

जिजाजी औष्णिक केंद्रातून रिटायर झालेत, बत्तीस वर्षं नोकरी. आणि आता गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर. चहा यायच्या आत ते पोराला वर घेऊन गेले. सहा पॅनेल, डोक्याच्या वर उंच स्टँडवर. मोबाईलवर ॲप, त्यावर आत्ता किती युनिट, काल किती, गेल्या वर्षी आजच्या दिवशी किती. माणूस नातवाचे फोटो दाखवणार नाही इतक्या प्रेमाने ग्राफ दाखवतो.

ताईचं म्हणणं वेगळं. "सरकारनं अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी दिली, बिल शंभर-दीडशेवर आलं, सगळं कबूल. पण माझ्या कुरडया कुठे वाळवू? गच्चीचं सगळं ऊन याने खाऊन टाकलं." आणि खरंच, नागपुरात, मे महिन्यात, ती बाई शेजारणीच्या गच्चीवर वाळवण घालते. हा मुद्दा आमच्या सोसायटीच्या दीड वर्षाच्या चर्चेत एकदाही आला नव्हता, लिहून घेतला.

(ज्यांना बसवायचंय त्यांच्यासाठी: पीएम सूर्यघर योजना, 2024 च्या फेब्रुवारीत आली. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60, 3 आणि त्यापुढे 78 हजार, त्यावर वाढत नाही. 1 किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा धरा आणि वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला 4 युनिटच्या आसपास.)

मला वाटलेलं नागपूरच्या मे महिन्यात सोलर तुफान चालत असणार. तर नाही! पॅनेलवर जे वॅट लिहिलेले असतात ते पॅनेल 25 अंशाला असताना, आणि इथे काच पासष्ट अंशाला पोचते. प्रत्येक अंशाला अर्ध्या टक्क्याहून थोडं कमी असं उत्पादन पडत जातं, म्हणजे भर दुपारी पंधराएक टक्के गायब. "पॅनेलला प्रकाश पाहिजे, गरमी नाही," जिजाजी म्हणाले, "आपल्यासारखंच आहे ते, गरमीत काम होत नाही त्याच्याकडून." थंड हवेच्या स्वच्छ दिवशी, फेब्रुवारी-मार्चमधे, त्यांचा ग्राफ जास्त डौलदार दिसतो.

रात्री नऊला बाहेर 36. हॉलमधे कूलर, तो म्हणजे खोलीभर आवाज करणारा पत्र्याचा राक्षस, खसच्या ताट्या लावलेला. त्यात पाणी भरायची ड्युटी पाहुण्या पोराला मिळाली. दिवे, तीन पंखे, दोन कूलर, वर पाहुण्यांसाठी एसी. जिजाजी ताकाचा ग्लास घेऊन बसले आणि म्हणाले, "सूर्य सहा-साडेसहाला ड्युटी संपवून गेला. आता हा कूलर कोण चालवून राहिलं, सांग?" पोराला कळेना. "माझं जुनं ऑफिस."

दिवस दुसरा: कोराडी

सकाळी सहाला निघालो, नाहीतर दर्शन नको म्हणायची वेळ येते. कोराडीची जगदंबा म्हणजे नागपूरकरांचं हक्काचं दैवत. देवीचं रूप दिवसातून तीनदा बदलतं अशी श्रद्धा आहे, सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी वृद्धा. जिजाजी हात जोडून उभे होते आणि बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "माझा सोलरचा ग्राफपण असाच आहे." ताईने असं पाहिलं की ते पुढचे दहा मिनिट गप्प.

देऊळ, तलाव, आणि मागे आकाशात चिमण्या आणि ते अवाढव्य कूलिंग टॉवर. एवढ्या जवळ असेल असं वाटलं नव्हतं. महानिर्मितीचे 660 मेगावॅटचे तीन संच आहेत इथे, थोडंसं पुढे खापरखेडा, तिथे 210 चे चार आणि 500 चा एक. मौद्याला एनटीपीसीचं 2320 मेगावॅट. खाली चंद्रपूर 2920. मुंबई-पुण्याचे दिवे लागतात त्यातली बरीच वीज इकडून येते आणि राख इकडेच राहते. हे वाक्य माझं नाही, चहाच्या टपरीवरच्या एका काकांचं आहे. मी पुण्याची आहे कळल्यावर त्यांनी ते मुद्दाम मोठ्याने म्हटलं. काय बोलणार, खरंच आहे.

राखेचा हिशोब जिजाजींनी टपरीच्या बाकावर बसून करून दाखवला. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. एक युनिट विजेला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा. म्हणजे युनिटमागे पावशेर राख. माझ्या पुण्याच्या घराचं महिन्याचं बिल 210 युनिटचं, म्हणजे महिन्याला पन्नास किलो राख, एक सिमेंटचं पोतं! ती इथे कुठेतरी पाण्यात कालवून बंधाऱ्यात नेऊन टाकतात, काही सिमेंटमधे आणि विटांमधे जाते. खापरखेड्याच्या रस्त्याला राखेचे ट्रक ताडपत्री बांधून चाललेले असतात आणि तरी झाडांची पानं करडी. सॅंडल काढल्यावर पायाला पट्ट्यांचं डिझाईन उमटलं होतं.

एक गोष्ट मात्र फार आवडली. या केंद्राला लागणारं पाणी. नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करतात आणि ते पाइपने कोराडीला आणतात, त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 13 कोटी लिटर. म्हणजे पेंच धरणाचं पिण्याचं पाणी तेवढं वाचतं. पोराला हे इतकं आवडलं की तो दिवसभर प्रत्येक फ्लशनंतर "वीज पाठवली" म्हणून ओरडत होता. ताईकडे पाहुणे होते. असो.

जिजाजी कोळशाला नावं ठेवत नाहीत. "त्याच कोळशानं तुझ्या भाच्यांची शिक्षणं केली," म्हणाले. मी आपलं विचारलं, मग सोलर कशाला बसवलं? तर म्हणे, "बत्तीस वर्षं रात्रपाळी केली. फुकटची मिळत असेल तर दिवसा तरी कोळसा वाचवू की नाही?"

आकडे त्यांना तोंडपाठ. देशाची वीजनिर्मितीची जेवढी क्षमता आहे, त्यातली निम्मी 2025 च्या मध्यापर्यंत बिगर-कोळसा-गॅसवाली झाली, सोलर, वारा, पाणी, अणू सगळं धरून. ठरवलेल्या सालाच्या पाच वर्षं आधी. सोलर एकटं 100 गिगावॅटच्या (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) वर गेलं त्या वर्षीच्या जानेवारीत. हे ऐकून मी खूश झाले, तर म्हणाले थांब. क्षमता निम्मी, पण प्रत्यक्ष युनिट मोज, शंभरातले सत्तरच्या वर अजून कोळशाचेच. कारण कोळसा चोवीस तास उभा असतो आणि पॅनेल दिवसाचे पाच-सहा तास खरं काम करतं. "तुझ्या ऑफिसमधे दहा जण आहेत, पाच पार्टटाइम. हजेरीपटावर निम्मे, कामात पाव." मला आजवर कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

आणि ऊन कमी आहे का, तर अजिबात नाही. देशातल्या पडीक जमिनीपैकी तीन टक्के वापरली तरी 748 गिगावॅट सोलर होईल असा राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा जुना अंदाज आहे. 2030 चं टार्गेट सोलर, वारा, पाणी, अणू सगळं मिळून 500. वाऱ्याच्या बाबतीत विदर्भ गरीब, ते सगळं साताऱ्या-सांगलीकडे आणि धुळे-नंदुरबारला. इकडे फक्त लू.

टीप: केंद्राचे फोटो काढायला जाऊ नका, मी गेटच्या बाजूने मोबाईल वर केला आणि सिक्युरिटीवाल्या भाऊंनी दुरूनच हात हलवला. आत बघायला मिळत नाही, परवानगी लागते. देवळापासून जे दिसतं ते पुष्कळ आहे. सहा ते आठ ही वेळ, टोपी, पाणी, खिशात कांदा (हसू नका, इथे सगळे ठेवतात).

दिवस तिसरा: मुंज, आणि डीपी

मुंज झकास झाली. वडाभात, पाटवडी रस्सा, आणि सांबारवडी. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला लग्न झालेल्या वयात दुसऱ्यांदा नव्याने कळलं. तीन सांबारवड्या खाऊन मी हॉलच्या एसीत पेंगत होते.

दीडला घरी आलो तर लाइट नाही. गल्लीतला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उडाला होता, सगळ्यांचे एसी एकदम चालू, लोड झेपला नाही. बाहेर 45. आणि पोराने विचारलं, "पण काका, आपल्याकडे सोलर आहे ना?"

गच्चीवर गेलो. सूर्य डोक्यावर, पॅनेल चमकतायत, आणि इन्व्हर्टरचा डिस्प्ले झिरो. मला वाटलं बिघडलं. तर असं आहे म्हणे, की नेट मीटरवाली (जास्तीची वीज लाइनला देणारी) साधी सिस्टीम ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइनला बांधलेली असते, ग्रिड गेली की ती स्वतःला बंद करून घेते. कारण खांबावर लाइनमन चढलेला असतो, आणि आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत गेली तर तो मरेल. कारण इतकं बरोबर आहे की चिडताही येत नाही. पण भर उन्हात, देशातल्या सगळ्यात कडक सूर्याखाली, सोलर असलेल्या घरात आम्ही अकरा पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेत बसलो होतो, हे दृश्य मी विसरणार नाही. समोरच्या घरातल्या काकू गॅलरीतून, "काहून बापा, तुमचं तर सोलर आहे न?" जिजाजी काही बोलले नाहीत. त्यांना आज दिवसभर हेच ऐकायचं होतं.

तीन तासांनी दुरुस्ती झाली. तोवर पन्हं, पत्ते, आणि गप्पा. 2024 च्या 30 मेची गोष्ट निघाली, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंश दिसले होते, देशभर बोंबाबोंब झाली आणि मग सेन्सरच बिघडलेला निघाला. खरा रेकॉर्ड 2013 च्या मे मधला, 47.9. पण गंमत बघा, त्याच 30 मेला देशाची विजेची मागणी 250 गिगावॅटला टेकली होती, तोवरची सगळ्यात जास्त. सेन्सर चुकला असेल, कूलर चुकले नव्हते. आणि हे सगळं असताना आपला माणशी वापर वर्षाला 1,400 युनिटच्या आसपास, जगाच्या सरासरीच्या निम्मासुद्धा नाही. ज्यांच्याकडे अजून कूलरच नाही त्यांनी घेतल्यावर काय होईल?

टीप: बॅकअप पाहिजे असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी आधीच सांगा, विकणारा आपणहून सांगत नाही. खर्च चांगलाच वाढतो. आणि पॅनेल धुवायचे ते पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडकते.

दिवस चौथा: काटोलकडे

जिजाजींचे मित्र काटोलच्या पुढे शेती करतात, संत्रा आणि थोडा कापूस. "बस कशाला, मी येतो न गाडी घेऊन," म्हणून ते पाचला दारात. बागेत अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, फळं लिंबाएवढी, हिरवी. शेजारच्या मृगाच्या बागेला मात्र ताणावर सोडलेलं, पानं मलूल, पाहवत नव्हतं. मृग बहार पाहिजे तर झाडाला उन्हाळ्यात तहानलेलं ठेवायचं असतं म्हणे, मग पाऊस पडला की ते फुलतं. अंबियाला मात्र आत्ता पाणी पाहिजेच, एक पाळी चुकली की फळ गळतं.

आणि इथे मला पाच दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काही कळलं असेल तर ते कळलं. शेतीची थ्री फेज लाइन चोवीस तास नसते. आठवड्याने पाळी बदलते, एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास. रात्रीचा आठवडा आला की माणूस बॅटरी घेऊन रात्री एकला बागेत. जिजाजींचे ते मित्र, भाऊ, म्हणाले, "रातच्याले पानी द्याचं म्हणजे काय सांगू तुमाले. साप, इच्चू, रानडुकरं. इकडे आता वाघपण निंगते. बायको जागीच बसे, मी घरी येतपर्यंत." हे त्यांनी वीस वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी सोलर पंप मिळाला, 5 एचपी, शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के (अनुसूचित जाती-जमातीला 5), बाकी अनुदान. आता सकाळी आठला पंप आपोआप चालू, पाचच्या सुमारास बंद.

मी शहरी प्रश्न विचारला, की बिलात किती वाचले? ते हसले. शेतीच्या बिलाचं त्यांना फारसं काहीच नव्हतं. "झोप येते न ताई आता."

मी वहीत युनिट आणि रुपये लिहीत होते, तिथे झोप हा कॉलमच नव्हता.

सगळं गोड नाही. मार्चच्या गारपिटीत एक पॅनेल फुटलं, तक्रार करून सव्वा महिना झाला, माणूस येतो म्हणतात आणि येत नाही. ढगाळ असलं की पंप खोकतो. पावसाळ्यात चार महिने पॅनेल नुसतं ऊन खात बसतं, ती वीज घरी वापरता येत नाही की लाइनला देता येत नाही. म्हणून आता राज्यात दुसरी पद्धत आली, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी, म्हणजे एकेका पंपाला पॅनेल न लावता सबस्टेशनजवळ जमीन भाड्याने घेऊन तिथे मोठा सोलर प्लांट, आणि शेतीचा अख्खा फीडर, म्हणजे सबस्टेशनहून शेतांकडे जाणारी लाइन, त्यावर. वीज दिवसा मिळते आणि उरलेली ग्रिडला जाते. मला हे जास्त पटलं. भाऊंना नाही पटलं. "लाइनवाल्याचा भरोसा कोन धरन?" हे त्यांचं एका वाक्यातलं मत.

जेवायला ज्वारीची भाकर, भरली वांगी, ठेचा, आणि आंब्याचा रस. बोअरचं पाणी टाकीत पडत होतं, गार, पोरगं कपड्यांसकट त्यात. जिजाजी निंबाखाली खाटेवर झोपले. पंपाला आवाजच नव्हता, फक्त पाण्याचा.

परत येताना गाडीत मी म्हटलं, म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. जे काम दिवसावर ढकलता येतं ते ढकलायचं. शेताला पाणी ढकलता येतं, ताईचं वॉशिंग मशीन ढकलता येतं. जिजाजी म्हणाले, "रात्रीचा कूलर ढकलून दाखव."

दिवस पाचवा

फार काही नाही. रामटेक, गडमंदिर, माकडांनी पोराचा चष्मा पळवला आणि चण्याच्या पुडीवर परत दिला. वाटेत पारशिवनीकडून नवेगाव खैरीचं धरण, नागपूरचं पिण्याचं पाणी इथून. वर जंगलात तोतलाडोह, तिथे 80 चे दोन, असं 160 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, दोन वाटे मध्य प्रदेशाचे, एक आपला. व्याघ्र प्रकल्पात असल्यामुळे तिकडे हिंडता येत नाही, त्यामुळे गेलोच नाही. पण जिजाजींच्या कालच्या टोमण्याचं उत्तर तिथे होतं थोडंसं. पाण्याची वीज काही मिनिटांत चालू होते, संध्याकाळी सगळे घरी आले की दार उघडायचं. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला तर याच्या पुढची युक्ती आहे, 250 मेगावॅट, वीज जास्तीची असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. जिजाजी म्हणाले असे पंचवीस-तीस घाटघर पाहिजेत. मग म्हणाले, किंवा बॅटऱ्या स्वस्त पाहिजेत. मग म्हणाले, चल गाडी चुकेल.

जाणाऱ्यांसाठी: शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, संत्री पण मिळतील. मे मधेच जावं लागलं तर अकरा ते पाच घरात. शहरात मेट्रो वापरा, गार आणि स्वस्त, आणि स्टेशनांच्या छपरांवर पॅनेल दिसतात, माझा मुलगा प्रत्येक स्टेशनला मोजत होता. सावजी पहिल्याच दिवशी खाऊ नका.

स्टेशनवर ताईने डबा दिला, सांबारवडी आणि संत्रा बर्फी, आणि एक पिशवी कुरडया. "शेजारणीच्या गच्चीवरच्या आहेत," असं मुद्दाम जिजाजींकडे बघत. गाडी वेळेवर निघाली, संध्याकाळी सात, बाहेर अजून 40. बुटीबोरीच्या पुढे फोन वाजला, जिजाजींचा स्क्रीनशॉट. आज 13.1 युनिट. खाली लिहिलं होतं, काल धुतले म्हणून.

कमिटीची मीटिंग येत्या रविवारी आहे. वाळवणाचा मुद्दा मी पहिला घेणार आहे.